पलंगाशेजारची भिंत

दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली बायको गेली, मग मी आमची खोली रंगवायला काढली.

रंगाऱ्याने पलंगाशेजारच्या भिंतीवर पिवळा आणि निळा असे दोन उभे पट्टे ओढले. "पिवळाच घ्या, काका. निळी खोली खायला उठते. आवडेल त्यावर खूण करा." त्याने मला पेन्सिल दिली.

मी पिवळ्यावर खूण केली, पेन्सिल खिशात टाकली आणि बाहेरच्या खोलीत झोपलो.

सकाळी रंगारी भिंतीसमोर वैतागला. "काका, आधी घरात एकमत करा बुवा!"

"घरात मी एकटाच असतो."

निळ्यावरही खूण होती. पार खाली, पडल्यापडल्या हात पोहोचेल तिथे.