शेड शांत झाली तेव्हा

काम जड की हलके ते ओळखून वेग आणि जोर आपोआप बदलणारे मोटरचे नवे ड्राइव्ह कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या सगळ्या प्रेसना बसले. दाब सुटला की एरवी सतत घरघरणारा तेलाचा पंपही आता थांबायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शेडमध्ये माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले.

"सुगंधामावशी, डबा खायला येताय ना?" शेजारच्या प्रेसवरून रुक्सानाने विचारले. मावशी पत्रा लावतच राहिल्या. तिने पुन्हा हाक मारली, मग जाऊन खांद्याला हात लावला.

"काय गं?" मावशी ओरडल्या. अख्खी शेड वळून बघू लागली.

मावशींचा चेहरा उतरला. "गोंगाटात सगळेच बहिरे होते," त्या म्हणाल्या. "आता मी एकटीच उरले."

रुक्साना त्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "जेवायला चला, मावशी."