थडग्यावरचे खडे

साहित्यसंस्थेच्या अध्यक्षांचा लेखकमित्र ज्यू होता. तरुणपणीच परदेशी गेला, पण जन्मभर आपल्याच भाषेत लिहीत राहिला आणि तिकडेच वारला. अध्यक्षांनी त्याच्या हयातीत 'येतो, येतो' म्हणत वर्षं ढकलली होती. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आता ते त्याच्या थडग्यापाशी आले, तर दगडावर नुसते खडेच खडे!

"काय ही आबाळ! याला कुणी वाली नाही का?" अध्यक्षांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बाह्या सरसावल्या, सगळे खडे वेचून कुंपणापलीकडे भिरकावले, रुमाल ओला करून दगड लख्ख पुसला आणि भलामोठा पुष्पगुच्छ ठेवला.

तेवढ्यात लेखकाची मुलगी आली आणि जागीच थबकली. तिच्या मुठीत एक खडा होता.

"काका, आमच्यात जो भेटायला येतो, तो आठवण म्हणून एक खडा ठेवून जातो."

अध्यक्षांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोरी, मला हे कुणी सांगितलंच नाही गं!"



"बाबांनी सांगितलंय की, काका. त्यांच्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर. तिला प्रस्तावना तुम्हीच लिहिलीत ना?"