नवे पहारेकरी

डॉक्टरबाईंनी डाव्या तळपायावरून टाचेपासून बोटांपर्यंत पिन ओढली.

"कळलं?"

"काय?" हवालदारांनी विचारलं.

त्यांनी पिन ट्रेमध्ये ठेवली. उत्तर मिळालं होतं.

हवालदार म्हणजे कारखान्याच्या गेटवरचे वॉचमन. हे नाव कामगारांनी पाडलेलं. बावीस वर्षांत त्यांनी पासाशिवाय मांजरसुद्धा आत सोडलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी गेट उघडायला उठले, तर डावा पाय जागचा हलेना. महिनाअखेरपर्यंत उभं राहता आलं नाही, तर गेटवर दुसरा माणूस येणार होता.

"नेमकं काय बिघडलंय, ते मला समजेल असं सांगा," ते म्हणाले.

"काका, रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. बाहेरचा जंतू दिसला की धरायचा, हे त्यांचं काम. तुमच्यातल्या काहींनी मज्जातंतूंवरचं आवरणच परकं समजून कुरतडायला घेतलंय. त्यामुळे मेंदूचा निरोप पायापर्यंत आणि पायाचा मेंदूपर्यंत पोचत नाही."

"म्हणजे घरच्याच माणसाला चोर ठरवलं?"

"अगदी तसंच."

खिडकीशी सफरचंद चिरत बसलेली त्यांची बायको हसली. "माझ्या बाबांना नाही का यांनी तासभर गेटबाहेर उन्हात उभं केलं? सख्खे सासरे! काय तर म्हणे, पास नाही."

"नव्हताच," हवालदार म्हणाले.

नर्सनं सलाईन जोडलं. "या औषधानं त्या चुकार पेशी बऱ्याचशा कमी होतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सहा महिन्यांनी नव्या येऊ लागतात, तेव्हा पुन्हा डोस. गेल्या आठवड्यातल्या स्टेरॉइडनं आतली सूज उतरतेच आहे. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. पण नवा हल्ला बहुतेक टळतो, आणि थोडंफार आवरण शरीर स्वतःच पुन्हा चढवतं."

"आणि तोवर खरा चोर आला तर?"

"म्हणून ताप आला की अंगावर काढायचा नाही. सरळ इथं यायचं."

हवालदारांना हे पटलं. पण सहा महिन्यांनी येणाऱ्या पेशी म्हणजे नवे पहारेकरीच. गेटवर नव्या वॉचमनला ते आठ दिवस शेजारी स्टुलावर बसवत आणि येणारा-जाणारा एकेक दाखवत. हे भट्टीवाले, या कँटीनच्या मावशी, आपल्याच आहेत. तोवर शिट्टीला हात लावू देत नसत. आता सलाईनच्या नळीकडे बघत ते पुटपुटू लागले, "हा डावा पाय. आपला आहे. याला अडवायचं नाही. हा उजवा…"

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. आधी ओळख करून दिली नाही की पुढे घोळ होतो. तुझ्या वडिलांच्या वेळी मीच नवा होतो."

दुपारी त्यांचा डोळा लागला. बायकोनं हात पुसले आणि रोजच्यासारखी पायाशी बसून डावा तळपाय चेपू लागली. तीन आठवडे ती चेपत होती, आणि ते रोज विचारत होते, "सुरुवात केलीस का?"

आज त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"कोण आहे?" हवालदारांनी दरडावलं.

तिचा हात थबकला. मग तिनं अंगठा जरा जोरात दाबला.

"घरचंच माणूस आहे," ती म्हणाली. "पास नाही."