खारूताईचं लांबलचक वाक्य

टेक.

"एक दाणा ढोलीत, एक दगडाखाली, एक सशाच्या बिळात त्याला न विचारता, एक घुबड झोपलं होतं तेव्हा त्याच्या पंखाखा—"

कट. दम संपला. पडद्यावरच्या खारीचं तोंड मात्र चालूच होतं. कार्टूनमधल्या खारीला फुप्फुसं नसतात आणि नववा महिनाही नसतो.

टेक.

"एक दाणा ढोलीत, एक दगडाखाली, एक सशाच्या बि—"

कट. या वेळी दम नाही, लाथ. उजव्या बरगडीखाली. तिने माइकपासून तोंड फिरवलं आणि पोटाकडे बघून म्हणाली, "अरे बाबा, पाय आवर ना!" तेही रेकॉर्ड झालं.

काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज तिच्या हेडफोनमध्ये आला. "खारूताई, वाक्य दोन तुकड्यांत घेऊ या का?"

"मध्ये खार तोंड कुठे मिटते, सर? पोरांना लगेच कळेल."

"आजच्या आज भाग पाठवायचाय. ती नवीन मुलगी आहे ना, तिला बोलावतो. तेवढं एकच वाक्य."

तेवढं एकच! मालिका सुरू झाल्यापासून खारीचा आवाज तिचाच होता. स्टुडिओत तिला खऱ्या नावाने कुणी हाकच मारत नसे. हा शेवटचा भाग. यात खार आपले लपवलेले सगळे दाणे एका दमात सांगून टाकते. ते दुसरीच्या तोंडून?

"बोलवा," ती म्हणाली. "ती येईपर्यंत माइक माझा."

टेक. कट.

टेक. कट.

मग घुबड आत आलं. म्हणजे घुबडाचा आवाज काढणाऱ्या मावशी. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, घरी दोन मोठी मुलं. त्यांनी तिच्या कमरेमागची उशी काढली, दुमडून पुन्हा लावली. पायांखाली केबलचं रिकामं खोकं सरकवलं. सुजेने तिचे घोटे दिसेनासे झाले होते.

"रात्री झोप लागते का गं?"

"झोप कसली, मावशी. डाव्या कुशीवर झोपा म्हणतात. झोपते. मग पायात गोळा येतो. पाणी प्यायलं की छातीत जळजळ, नाही प्यायलं की घशाला कोरड. कूस बदलायला नवऱ्याचा धक्का लागतो. म्हणतो, गाडी बंद पडली वाटतं."

"आणि आत्ता काय होतंय?"

"आत्ता बाथरूम."

"पुन्हा?" हेडफोनमधून दिग्दर्शक.

"मग तुम्ही जाता का माझ्याऐवजी?"

परत येताना ती कॉरिडॉरमध्ये थबकली. आत काहीतरी सरकलं होतं. दुखलं नाही. शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट ढकलावं तसं. सावकाश. खाली.

बाकावर नवीन मुलगी येऊन बसली होती. कागद हातात धरून पुटपुटत होती, 'एक दाणा ढोलीत, एक दगडाखाली...' हिला बघून ती गडबडीने उठली. "ताई, बसा ना."

"नको गं. बसले की उठवायला दोघं लागतात."

आत जाऊन ती माइकसमोर उभीच राहिली. श्वास घेतला. तो आत जात राहिला, जातच राहिला.

टेक.

"एक दाणा ढोलीत, एक दगडाखाली, एक सशाच्या बिळात त्याला न विचारता, एक घुबड झोपलं होतं तेव्हा त्याच्या पंखाखाली, एक कुठे ठेवला ते विसरले म्हणून दुसराही तिथेच ठेवला, एक पडला, एक सापडला, एक खाल्ला पण तो धरू नका, आणि हा, हा शेवटचा, हा माझा नाहीच, हा तुझा!"

कुणीच कट म्हणालं नाही.

"आईशप्पथ," रेकॉर्डिस्ट म्हणाले. एरवी ते दिवसभरात 'ओके'पलीकडे काही बोलत नसत.

"हे आलं कुठून?" दिग्दर्शकाने विचारलं.

ती बरगड्या चाचपत होती. "इथे जागा झालीये. पाय नाहीये इथे!"

मावशी जवळ गेल्या. तिची छाती आणि पोट यांच्यामध्ये त्यांनी आपली मूठ ठेवली. मूठ आरामात मावली.

"पोट उतरलंय गं! बाळ खाली सरकलंय. मग श्वासाला जागा होणारच."

काचेपलीकडे दिग्दर्शक खुर्ची पाडून उठला. "म्हणजे आत्ता? इथे? गाडी काढू?"

"बस रे खाली. पहिलटकरणीला यानंतर आठवडा जातो, दोनही जातात." मावशी तिच्याकडे वळल्या. "आता जेवण जाईल, जळजळ कमी होईल. पण चालशील बदकासारखी, आणि बाथरूमला दुप्पट पळशील."

"दुप्पट?" दिग्दर्शक कळवळला.

"कळा नेमाने यायला लागल्या किंवा पाणी गेलं, तर मात्र कुणाच्या टेकसाठी थांबायचं नाही. थेट दवाखाना. बॅग भरलीस?"

"अर्धी."

"आज पुरी भर."

"मावशी," ती हळूच म्हणाली, मग मोठ्याने, "मावशी, म्हणजे निघालंय ते!"

"निघालंय!"

दारात उभ्या असलेल्या नवीन मुलीने टाळ्याच वाजवल्या. मग ओशाळून कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"खारूताई," दिग्दर्शकाने घसा खाकरला. "होणार असेल तर... सेफ्टीसाठी अजून एक?"

"एक काय, हवे तेवढे घ्या!"

टेक.

तिने श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला, आणखी खोल. वाक्य काही सुरू होईना. ती नुसती श्वास घेत उभी राहिली, हसत, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

कट म्हणायला दिग्दर्शकाचा हात वर गेला. रेकॉर्डिस्टनी तो धरून खाली ठेवला, डोळे मिटले, आणि आवाज जरासा वाढवला.