अकरा आणि बाराच्या मध्ये

"अजून जिन्यानंच जातेस का गं ऑफिसला?" रविवारी फोनवर वडिलांनी विचारलं.

"छे! कधीच सोडलं ते," ती म्हणाली. रोज सहा मजले चढून तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. पण परदेशात बसलेल्या माणसाला ते कशाला सांगायचं?

"बरं झालं. लिफ्टवाल्याची लेक जिन्यानं जाते हे साहेबाला कळलं असतं, तर माझी नोकरीच जायची." स्वतःच्याच विनोदावर ते हसले, मग खोकले. "भीती नाही ना वाटत कशाची?"

"नाही हो बाबा." कुकरची शिट्टी झाली, तशी तिनं घाईघाईनं फोन ठेवला.

मंगळवारी दुपारी वडिलांच्या कंपनीचा फोन आला. वडील झोपेतच गेले होते.

भीतीचा तो प्रश्न ते दर रविवारी विचारायचे. ती सात वर्षांची असताना हौसेनं त्यांच्याबरोबर कामावर गेली आणि ते दुरुस्त करत असलेल्या लिफ्टमध्येच अडकली. अंधारात ती किंचाळत होती आणि वरून त्यांचा आवाज येत होता, "घाबरू नको बाळा. मी इथंच आहे." दोनच वर्षांनी तो 'इथंच' असलेला माणूस बॅग भरून विमानात बसला. पोर रडली नाही म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिची पाठ थोपटली. ती शाबासकी तिनं बावीस वर्षं निभावली.

आई अंथरुणाला खिळलेली, दुसरं भावंड नाही. गुरुवारी ती एकटीच निघाली. तिकडच्या विमानतळावर शिक्के मारणाऱ्या अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं. तिला कळलं नाही. त्यानं तेच मोठ्यानं विचारलं. तिनं कंपनीचं पत्र पुढे केलं. वाचता वाचता त्याचा चेहरा मऊ झाला आणि तिनं घाईनं नजर दुसरीकडे वळवली.

बाहेर कंपनीचा ड्रायव्हर पाटी धरून उभा होता. पाटीवर वडिलांचं नाव होतं.

रस्त्यावरची एकही पाटी तिला वाचता येत नव्हती. चांगली शिकलीसवरली बाई एका दिवसात अडाणी झाली होती. ड्रायव्हरनं आरशात बघत नऊ बोटं दाखवली. उद्या नऊ वाजता शवागारात. चेहरा बघायचा, हो म्हणायचं, सही करायची. ती खिडकीकडे वळली. संध्याकाळ होत होती आणि उंच इमारतींमध्ये एकेक दिवा लागत होता.

कंपनीनं तिची सोय चौदाव्या मजल्यावर केली होती. जिन्याचं दार बाहेरून उघडतच नव्हतं. तिनं दोनदा ओढून पाहिलं. तोवर ड्रायव्हरनं तिची बॅग लिफ्टमध्ये ठेवली, बटण दाबलं आणि हसून हात हलवला. आत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दार मिटलं.

आकड्यांवर नजर रोखून ती उभी राहिली. नऊ. दहा. अकरा. बारा आलाच नाही. एक हिसका बसला, पंखा थांबला, दिवा गेला.

हाताला लागेल ते बटण तिनं दाबलं. दारावर बुक्क्या मारल्या. कुठंतरी खरखर झाली आणि भिंतीतल्या जाळीतून एका पुरुषाचा आवाज आला. आधी त्या देशाच्या भाषेत, मग मोडक्या इंग्रजीत. माणूस निघालाय. वीस मिनिटं लागतील. ती मटकन खाली बसली आणि सात वर्षांच्या मुलीसारखी भोकाड पसरून रडू लागली.

जाळीत पुन्हा खरखर झाली.

"गाबरू नको बाडा," तो आवाज म्हणाला. "मी इतंच आए."

तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"हे... हे कुणी शिकवलं तुम्हाला?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं," तो म्हणाला. "बावीस वर्षं होता इथं. कुणी अडकून रडायला लागलं की तो हेच म्हणायचा. लहान असो, मोठा असो, कुठल्याही देशाचा असो. अर्थ आम्हाला कुणालाच माहीत नाही. पण माणूस शांत होतो. याच आठवड्यात वारला तो. आता आम्ही म्हणतो." तो थोडा घुटमळला. "परत म्हणू का?"

"हो."

त्यानं परत म्हटलं, आधीपेक्षा सावकाश, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा.

अंधारात चाचपडत ती उठली. ती थंड जाळी तिच्या हाताला लागली. तिनं तिच्यावर गाल टेकला.

"बाबा," ती म्हणाली, "मला फार भीती वाटतेय."