रविवारचे दहा किलोमीटर

शेवटच्या चढावर जेमेलीने पाऊल आखडतं घेतलं. पुढे धावणारी जेबिवोत पन्नास पावलांवर होती. मनात आणलं असतं तर तिला गाठायला एक वळण पुरलं असतं. जेमेलीने मनात आणलं नाही. खांदे वर ओढून, तोंड उघडं टाकून, पार थकलेल्या माणसासारखी ती धावपटूंच्या छावणीच्या फाटकाशी पोचली.

कोच सेरेम यांनी घड्याळ पाहिलं.

"दहा किलोमीटरला चौतीस मिनिटं दहा. गेल्या आठवड्यात चौतीस पाच होतीस ना?"

"चढ जड जातो, कोच."

"चढ काय तुझ्या एकटीसाठी बांधलाय?"

जेबिवोत गवतावर बसून बूट काढत होती. "अगं जेमेली, माझ्या मागे एवढी लाल माती खाल्लीस, आता दुपारी तुझ्या वाटची उगाली मला दे."

सगळ्या मुली हसल्या. जेमेलीही हसली, आणि दुपारी तिने खरंच मक्याच्या उगालीचा अर्धा गोळा जेबिवोतच्या ताटात टाकला.

हे सगळं बाबांनी शिकवलं होतं. तरुणपणी बाबा, म्हणजे मुताई, याच इतेन गावात धावायचे. सरावात त्यांनी अख्ख्या छावणीला घाम फोडला होता. मग शर्यतीच्या दिवशी तिघे जण नऊ किलोमीटर त्यांच्या पाठीला चिकटून राहिले आणि शेवटी पुढे निघून गेले. परदेशात तिघांनाच न्यायचं होतं. मुताई चौथे आले. तेव्हापासून ते गाई पाळत होते.

"तू खरी किती पळतेस हे कुणाला कळता कामा नये," ते म्हणायचे.

"कोचलासुद्धा?"

"सेरेम माणूस चांगला. पण चहाच्या टपरीवर बसला की त्याच्या पोटात काही राहत नाही."

म्हणून खरं धावणं रविवारी, ती छावणीतून घरी आली की. सगळं गाव चर्चमध्ये गेलं की रस्ता मोकळा होई. बाबा सायकलवर, गळ्यात घड्याळ. चाकाला चिंधी बांधून, फेरे मोजून त्यांनी दहा किलोमीटर आखले होते. दोनदा मोजलं तर दोन उत्तरं आली, म्हणून पाच वेळा मोजलं.

"पहिले तीन किलोमीटर लाजत धाव," ते बाजूने ओरडत. "सासरी आल्यासारखी. हात खाली! कोंबड्या हाकतेस का?"

"बाबा, तुम्ही पायडल मारा, बोलू नका. तुम्हालाच धाप लागलीये."

"मला लागू दे. तुला लागली तर सांग."

पहिल्या रविवारी तेहेतीस वीस झाले. मग बाबांनी दोन-दोन किलोमीटरचे चार तुकडे करून दिले. मध्ये उसंत फक्त ते खाली उतरून सायकल वळवेपर्यंत. तेहेतीसच्या आत आली. पायांत आता अशी ताकद भरली होती, की आठव्या किलोमीटरलाही तिला मागे काही शिल्लक असल्याचं जाणवायचं. पाचव्या रविवारी बाबांनी घड्याळ पाहिलं, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं.

"बत्तीस नऊ."

जेबिवोतची आजवरची सगळ्यात चांगली वेळ बत्तीस पन्नास होती.

"आईला सांगू?" जेमेलीने विचारलं.

"वेडी आहेस का? तिला वाटतंय आपण आजारी गाईसाठी घरी थांबतो. पाच आठवडे ती त्या गाईसाठी प्रार्थना करतेय."

एल्डोरेट शहरातली शर्यत पंधरा दिवसांवर होती. धावपटू निवडून न्यायला युरोपातला माणूस येणार होता. प्रत्येक छावणीतून कोच दोघींची नावं देणार, आणि त्यातून जी पहिली येईल ती जाणार. बाकीच्या मुली टाळ्या वाजवायला, नाहीतर पुढे धावून वेग राखायला. जेबिवोतनंतर दुसरं नाव आपलंच, असं जेमेली धरून चालली होती. गेल्या वर्षी जेमेली सातवी आली होती. यंदा ती सव्वीस वर्षांची होती, आणि छावणीतल्या तिच्या खाटेवर जानेवारीत नवी मुलगी येणार हे कोचनी आडून सांगितलं होतं. तिला त्याची काळजी वाटत नव्हती. जानेवारीत ती इथे नसणारच होती.

पुढच्या मंगळवारी ती घरी दूध न्यायला आली, तेव्हा बाबा गोठ्याच्या दाराशी स्वतःशीच हसत उभे होते.

"तुझा कोच येऊन गेला."

"कशाला?"

"तुझी चौकशी करायला. चहा पाजला आणि वाटेला लावला." त्यांनी एक डोळा मिटला. "तू फक्त झोप काढ आणि जेव."

शर्यतीच्या सकाळी एल्डोरेटला थंडी होती. दोरीपलीकडे बाबा चर्चचा कोट घालून उभे होते. आज आईही सोबत होती. जेमेलीने हात केला. जेबिवोतने येऊन तिच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या मागे राहा, वारा लागणार नाही."

"बघू," जेमेली म्हणाली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच ती खांदे सैल सोडून, ताठ उभी राहिली.

कोचनी पिशवीतून कपडे काढले. चौदा नंबर जेबिवोतला. पंधरा नंबर छावणीतल्याच चेसांगला. जेमेलीच्या हातात पट्ट्यापट्ट्यांचा बनियन आला. त्यावर नंबर नव्हता.

"बत्तीस पन्नासच्या वेगाने जेबिवोतच्या पुढे राहायचं," कोच म्हणाले. "सात किलोमीटरला बाजूला व्हायचं. दोरीच्या आत थांबू नकोस, पंच रागावतात."

"कोच, माझं नाव..."

"लिहिलं होतं." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी चौतीसची वेळ मला पटतच नव्हती. म्हणून यादी द्यायच्या आधी तुझ्या बाबांकडे गेलो. म्हटलं, ते जे सांगतील ते खरं. तीनदा विचारलं, जेमेली. तिन्ही वेळा ते म्हणाले, यंदा पोरीत दम नाही."