दुसरा मिक्सर

“दुसऱ्याचा आवाज जास्त मोकळा आहे,” संगीतकार म्हणाले आणि ताई चपापल्या.

त्यांना पहिल्यात आणि दुसऱ्यात काडीचाही फरक ऐकू आला नव्हता.

नाट्यगृहाच्या ध्वनियंत्रणेसाठी नवा डिजिटल मिक्सर घ्यायचा होता. दोन कंपन्यांचे दोन मिक्सर सभागृहात मागच्या बाजूला काळ्या कापडाखाली झाकून ठेवले होते. नाव बघून कुणाचं मत बनायला नको, ही कल्पना ताईंचीच. रंगमंचावर त्यांची भाची माइकसमोर उभी होती. एकच कडवं तिने दोनदा गायलं, आधी पहिल्या मिक्सरवर, मग दुसऱ्यावर. ऐकायला तिघं होती. संगीतकार, नाट्यगृहाचे व्यवस्थापक आणि ताई. पण पहिल्या दोघांचं मत आपलं नावापुरतं. या नाट्यगृहातला आवाज म्हणजे ताई, हे तिकीटखिडकीवरचा माणूससुद्धा सांगायचा. अर्धं आयुष्य त्यांनी त्या मागच्या टेबलाशी काढलं होतं. नट शेवटच्या ओळीला श्वास कमी पडून खाली यायचा, तेव्हा ताईंचं बोट आधीच बटणावर असायचं.

“मलाही दुसराच बरा वाटला,” व्यवस्थापक म्हणाले. “पहिला जरा बसका आहे. काय ताई? घरचा मिक्सर घेताना बायकोने माझी एवढी परीक्षा घेतली नव्हती.”

ताई हसल्या.

गेले काही महिने त्यांना धास्ती लागून राहिली होती. फोनवर बहिणीच्या बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ गळून पडायचे. ती साठ म्हणाली की आठ, हे पुन्हा विचारावं लागायचं. सकाळी खिडकीशी पक्षी चोच उघडताना दिसायचे, आवाज मात्र यायचा नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ त्यांनी घेतली होती आणि ऐनवेळी रद्द केली होती. कळलं तर मान्य करावं लागेल. मान्य केलं तर ते टेबल सुटेल.

“पुन्हा एकदा ऐकवा,” त्या म्हणाल्या.

मिक्सर दाखवायला आलेला दुकानाचा तंत्रज्ञ त्यांच्या मागे गेला. भाची पुन्हा गायली. ताईंनी अंगातला सगळा जीव कानांत गोळा केला. पहिला. दुसरा. आवाज तोच, सूर तोच. संगीतकार समाधानाने मान डोलावत होते. ‘दुसरा’ म्हटलं की सुटका होती. एक शब्द बोलायचा आणि चहा प्यायला जायचं. पण पुढची कित्येक वर्षं या सभागृहात माणसं त्या मिक्सरमधून बोलणार होती, गाणार होती. आणि ते कुणाच्या भरवशावर, तर ताईंच्या.

“मला फरक कळला नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे, थोडा तर…”

“थोडासुद्धा नाही. दोन्हीही मला एकच वाटले.” त्यांनी घसा साफ केला. “दोष मिक्सरचा नसेल. माझेच कान उतरलेत. वरचे बारीक आवाज मला येत नाहीत हल्ली. कुणाला बोलले नव्हते. निर्णय माझ्यावर सोपवू नका.”

रंगमंचावर भाचीचा हात माइकवरून खाली आला.

तेवढ्यात मागून तंत्रज्ञाचा ओशाळलेला आवाज आला. “माफ करा हं. माझीच चूक झाली. मिक्सर बदलायचा स्विच मी दाबलाच नव्हता. दोन्ही वेळा पहिलाच चालू होता.”

मग व्यवस्थापक खो खो हसत सुटले. संगीतकारांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “ताई,” ते म्हणाले, “आम्ही दोघं तोंडावर आपटलो. तुमच्या कानांना तोड नाही.”

“अहो, खरंच सांगतेय मी, मला…”

“पुरे झाला तुमचा विनय,” व्यवस्थापक म्हणाले. “म्हणे कान उतरलेत.”

भाचीही हसत होती. तिला हसताना पाहून ताईंच्या छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला. कुणास ठाऊक, हे लोक म्हणतात तेच खरं असेल. फरक नव्हताच, तर ऐकू कुठून येणार? बहिणीचा फोनच जुनाट आहे. पक्षी तरी काय, दूर बसतात. मनाला एकदा वाट दिसली की ते धावत सुटतं, तसं ताईंचं झालं. डॉक्टर नको, काही नको. उगाच वैऱ्यासारखी स्वतःच्याच मागे लागले होते, असं त्यांना वाटलं.

“आता खरा दुसरा लावतो,” तंत्रज्ञ म्हणाला. खट्ट आवाज झाला. तो ताईंना स्पष्ट ऐकू आला. त्याचंही त्यांना बरं वाटलं.

भाचीने सूर लावला. ताईंनी हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. आवाज भरीव होता, छातीतून आलेला. कितीतरी दिवसांनी त्या न घाबरता ऐकत होत्या. कान ताणणं नाही की काही नाही, नुसतं ऐकणं. कडव्याची दुसरी ओळ सुरू झाली आणि मध्येच तुटली.

“का थांबलीस गं?” डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. “छान चाललं होतं.”

त्यांनी डोळे उघडले.

संगीतकारांनी दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबले होते. व्यवस्थापक कान धरून खुर्चीत वाकले होते. “माइक शिट्टी मारतोय, आधी तो बंद करा!” असं ओरडत तंत्रज्ञ काळ्या कापडाखाली हात घालून धडपडत होता. रंगमंचावर भाचीनेही कान झाकले होते, आणि ती मावशीच्या मांडीवर शांत पडलेल्या हातांकडे बघत होती.